यंदा नाताळ कुठे? (घरच्या ग्रुपवरून)

नवापूरची आत्या: सर्वांना सलाम. आज १० तारीख. आगमनकाळाचे दोन रविवार होऊन गेले, तरी यंदा जमायचं कुठे हे मला कोणी कळवलेलं नाही. तोरणमाळचं कळलं ते चर्चमधल्या बाईंकडून. आम्ही घरातले आहोत की नाही, तेवढं सांगा.

धुळ्याचा दादा: सलाम आत्या. अजून काहीच ठरलेलं नाही, मी नुसती चौकशी केली. शहाद्यावरून वर चढलं की तोरणमाळ. थंडी, यशवंत तलाव, पोरांना मोकळं रान. दोन रात्री राहू, जेवणखाण तिथलंच.

भुसावळचे मोठे काका: २४ च्या गीतफेरीला पेटी कोण आणणार? आपल्या पेटीचा भाता फाटलाय.

जळगावचा बाळू: काका, तोरणमाळला पेटी नाही, शेकोटी 🔥

नवापूरची आत्या: बाळू, थट्टा मागून कर. २५ ला सकाळी उपासनेला कुठे बसायचं, डोंगरावर? बाबा भुसावळला लोको शेडला होते तेव्हापासून २४ च्या रात्री आपण रेल्वे क्वार्टरमधून गात फिरतो. घरोघरी कोरा चहा, कोणी हातावर शंकरपाळे ठेवणार, म्हातारी माणसं दारात शाल गुंडाळून वाट बघत बसलेली. ती माणसं यंदाही बसतील. त्यांना काय सांगायचं, आम्ही फिरायला गेलो?

सुरतची वहिनी: आत्या, मलाही भुसावळच हवंय. आम्ही सुरतेला गाडीत बसतो, नवापूरला तुम्ही चढता, नंदुरबारला मावशी, दोंडाईच्याला ताई, अमळनेरला धाकटे काका. जळगाव येईपर्यंत अर्धा डबा आपलाच झालेला असतो आणि चिवड्याचा डबा रिकामा. माझ्या पोरांचा नाताळ त्या गाडीतच सुरू होतो.

भुसावळचे मोठे काका: पेटीचं कोणी बोलत नाही.

जळगावचा बाळू: चिवड्याचा डबा कोण रिकामा करतं ते आधी तपासा. अमळनेरला चढणाऱ्यांवर माझा संशय.

अमळनेरचे धाकटे काका: बाळू, शाळेत तू माझ्या वर्गात होतास, विसरू नकोस.

पुण्याची पिंकी: मी एक बोलू का? राग मानू नका. दादाने तोरणमाळ का काढलं ते कोणी विचारलंच नाही. गेल्या वर्षी मोठी काकू २३ पासून २६ पर्यंत ओट्यापाशी उभी होती. करंज्या तिच्या, अनारसे तिचे, २५ चं मटण तिचं, पोळ्या तिच्याच. उपासनेला ती आली तेव्हा शेवटचं गीत चालू होतं. आपण तिला चर्चच्या दारात बघितलं आणि म्हणालो, काकू उशीर झाला.

धुळ्याचा दादा: मी हेच म्हणत होतो.

नवापूरची आत्या: म्हणजे आम्ही नुसतं जेवायला येतो, असं म्हणायचंय का? चकल्या नवापूरहून कोण आणतं?

पुण्याची पिंकी: आत्या, तुमच्या चकल्यांबद्दल नाही हो. तुमच्याइतकं तरी बाकीच्यांनी आणावं, एवढंच.

सुरतची वहिनी: आता निघालाच आहे विषय तर सांगते. गेल्या वर्षी सगळी ताटं मी आणि पिंकीने घासली. पुरुषमंडळी गच्चीवर पत्ते खेळत होती.

जळगावचा बाळू: वहिनी, मी पाणी भरलं होतं.

सुरतची वहिनी: प्यायचं. तेही एक कळशी.

नंदुरबारची मावशी: चिठ्ठ्यांच्या भेटीचं यंदा काय ठरलं? मागच्या वेळी मला जो स्टीलचा डबा मिळाला, तो मीच आदल्या वर्षी दिला होता. झाकणावर माझं नाव घातलेलं आहे.

धुळ्याचा दादा: मावशी, तो विषय नंतर घेऊ 🙏

नंदुरबारची मावशी: नंतरच घेता दरवर्षी.

भुसावळचे मोठे काका: २४ च्या गीतफेरीला पेटी कोण आणणार? भाता फाटलाय.

धुळ्याचा दादा: काका, मोबाईलवर संगीत लावून स्पीकर नेऊ. सोपं पडेल.

अमळनेरचे धाकटे काका: नाही. इथे मी बोलणार. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ मध्ये ते गेले. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी ख्रिस्ताची भजनं अभंगाच्या, ओवीच्या वळणावर आपल्या हाती दिली. ती पेटी, तबला, टाळ यांवर गायची. माणूस दारात उभं राहून गातो तेव्हा घरातलं म्हातारंही त्याच्यामागे म्हणू लागतं. स्पीकरमागे कोणी म्हणत नाही. पेटी मी अमळनेरच्या मंडळीतून मागून आणतो.

भुसावळचे मोठे काका: देव तुझं भलं करो.

अमळनेरचे धाकटे काका: आणि गव्हाणीचंही आताच सांगतो. दुकानातला प्लॅस्टिकचा सेट आणू नका. फ्रान्सिस ऑफ असीसीने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी खरं गवत, खरा बैल आणि खरं गाढव ठेवून गव्हाण उभी केली, आणि साध्या गावकऱ्यांना बेथलेहेम डोळ्यांनी बघता आलं. आपल्याकडे तर सगळं घरात आहे. पोरांनी पोळ्याचे मातीचे बैल जपून ठेवले असतील तर ते आणा. कडबा मी देतो.

सुरतची वहिनी: आमच्याकडे एक बैल आहे, शिंग मोडलेलं. चालेल?

अमळनेरचे धाकटे काका: तोच आणा. पोरांनी हाताने रंगवलेला असेल तर त्याला पुढेच ठेवू.

शिरपूरचे नाना: काय चालू शे हाई? बठ्ठा जन भुसावळले या रे भो. भांडण मंग करूत.

जळगावचा बाळू: नाना बोलले, विषय संपला 🙏

पुण्याची पिंकी: संपला नाही. स्वयंपाकाचं काय?

मोठी काकू: मी ग्रुपवर लिहीत नाही. नातीकडून लिहून घेतेय. गुडघे दुखतात हे खरं आहे. पण तोरणमाळ माझ्यासाठी ठरवताना मला कोणी विचारलं का? मला हॉटेलची खोली नको. वर्षभर आम्ही दोघंच असतो घरात. त्या दोन दिवसांत प्रत्येक खोलीत अंथरूण पडतं, मोरीपुढे रांग लागते, ते मला हवंय. दोन दिवस ओट्यापाशी उभं राहणं मात्र जमणार नाही. आणि यंदा उपासनेला मी पहिल्या गीतापासून बसणार. ते नक्की.

नवापूरची आत्या: वहिनी, तुम्ही एकदा सांगितलं असतं तर.

मोठी काकू: सांगायची सवय नाही ना बाई आपल्याला.

धुळ्याचा दादा: काकू, तोरणमाळ रद्द. मेमध्ये जाऊ, ज्यांना यायचं ते येतील. २५ चं मटण मी करतो. काळा मसाला तेवढा तुमचा द्या.

सुरतची वहिनी: दादा, मटण करायचं म्हणजे कांदा चिरण्यापासून पातेलं घासेपर्यंत. लिहून द्या.

धुळ्याचा दादा: लिहून देतो. बाळू माझ्यासोबत.

जळगावचा बाळू: मला कोणी विचारलं का?

पुण्याची पिंकी: नाही. पोळ्या बाहेरून सांगू. फराळ कोणी भुसावळला येऊन करायचा नाही, आपापल्या घरून आणायचा. आत्या चकल्या, मावशी अनारसे, वहिनी करंज्या, मी केक. २४ ला रात्री खिचडी आणि कढी, त्यावर कोणी नाक मुरडायचं नाही.

नंदुरबारची मावशी: अनारशाचे तांदूळ आजच भिजत घालते, नाहीतर वेळ कमी पडेल. केकात दारू नको हं पिंकी.

पुण्याची पिंकी: मावशी, सुकामेवा संत्र्याच्या रसात भिजवलाय.

नंदुरबारची मावशी: मग ठीक. डब्याचं विसरू नका कोणी.

भुसावळचे मोठे काका: २६ चं भरीत ठरल्याप्रमाणे यावलच्या शेतात. वांगी बामणोदची. आपल्या जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, बाजारातली भलती आणू नका.

जळगावचा बाळू: काका पेटीवरून वांग्यावर आले, मी निश्चिंत झालो.

नवापूरची आत्या: वांगी तुराट्यांवरच भाजा. गेल्या वेळी गॅसवर भाजली होती, सालीचा वासच लागला नाही. आणि मिरची-लसूण मिक्सरला लावू नका, ठेचा.

मोठी काकू: कळण्याचं पीठ मी दळून ठेवते. ज्वारी, उडीद सगळं घरात आहे. तेवढं करू द्या मला.

सुरतची वहिनी: पुऱ्या लाटायला आणि तळायला आम्ही. तुम्ही शेतात खाटेवर बसायचं काकू.

धुळ्याचा दादा: किती जण धरू? वांगी आधी सांगून ठेवावी लागतील. आत्ताच नावं द्या, ऐनवेळी पाहुणे वाढवू नका.

नवापूरची आत्या: आम्ही चौघं. आणि चर्चमधल्या त्या बाईंना बोलावू का? त्यांचं कोणी नाही इथे.

मोठी काकू: विचारायचं काय त्यात. आण.