मदत हवी: सिमेंट रस्त्याच्या आवाजावर सच्छिद्र डांबराचा थर टिकेल का?

नमस्कार मंडळी. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. गावठाणाला लागूनच चौपदरी सिमेंट रस्ता झाला. हॉर्नचं काही म्हणत नाही, पण रात्री ट्रकच्या टायरची जी घरघर सुरू होते ती पहाटेपर्यंत थांबत नाही. कापसाच्या हंगामात तर जिनिंगच्या गाड्यांची रांगच. रात्री निवासी भागात मर्यादा ४५ डेसिबल. आमच्या ओसरीत मोबाईल ६० च्या वर दाखवतो. (मोबाईलचा भरवसा किती, ते सोडा.)

वाचलं की सच्छिद्र डांबरात साधारण २० टक्के पोकळी असते, टायरखाली दबलेली हवा तिच्यातून निसटते आणि आवाज ३-४ डेसिबलनं उतरतो. नेदरलँड्समध्ये बहुतेक महामार्गांवर हाच थर आहे. पण आपल्याकडे पावसाळ्यात वावरातून निघालेला ट्रॅक्टर काळ्या मातीची ढेकळं सांडत जातो. ती छिद्रं किती दिवस उघडी राहतील? ग्रामसभेत ठराव घ्यायचाय, नेमकं मागायचं काय?

रस्तेवाला: भाऊ, हा थर भरधाव रस्त्यावरच जमतो. वेगानं जाणारी चाकंच छिद्रांतली घाण ओढून काढतात. तिकडेसुद्धा कडेची थांबण्याची लेन बुजते, जोराच्या पाण्यानं धुवावी लागते. तुमच्या चिखलात काही खरं नाही. शिवाय खडी लवकर सुटते, आणि थरात शिरलेलं पाणी आडवं बाहेर पडावं लागतं. साइडपट्टीची माती वर आली असेल तर ते आतच तुंबणार. त्यापेक्षा सिमेंटवर आडव्या खाचा आहेत का बघा, घरघर त्यांचीच असू शकते. हिऱ्याच्या पात्यांच्या मशीननं पृष्ठभाग घासून खाचा रस्त्याच्या लांबीत घेता येतात, आवाज चांगलाच उतरतो. गावाजवळ रम्बलच्या पट्ट्या (वेग कमी करायला लावणाऱ्या आडव्या उंच पट्ट्या) आहेत का?

धागाकर्ता: आहेत ना! फाट्याच्या अलीकडे, घरांसमोरच. रिकामा टिप्पर गेला की फाळका आदळतो, मांडणीवरची भांडी वाजतात.

रस्तेवाला: मग तो आवाज कोणत्याच डांबरानं जायचा नाही. पट्ट्या काढा म्हणू नका, अपघात होतील. वस्तीच्या आधी सरकवायला सांगा. आणि ठरावात पहिली मागणी रात्रीच्या अधिकृत मोजणीची ठेवा. कागद हातात नसला की कोणी विचारत नाही.

धागाकर्ता: बरं. मोजणीचा अर्ज ग्रामपंचायतीनं करावा की आरोग्य केंद्रानं? केंद्र रस्त्यापासून १०० मीटरच्या आत आहे, बाळंतिणी तिथंच असतात. दवाखान्याभोवती शांतता क्षेत्र जाहीर झालं तर रात्रीची मर्यादा ४० होते, म्हणून विचारतो.