मदत हवी आहे: हॉपिन जॉन बिनमांसाचा कसा करू?

नमस्कार मंडळी, आम्ही साऊथ कॅरोलायनात राहतो, शेजारच्या आजी गला-गीची (Gullah Geechee) या इथल्या आफ्रिकन-अमेरिकन समाजातल्या आहेत आणि दर १ जानेवारीला त्यांच्याकडून हॉपिन जॉन येतो, म्हणजे चवळी आणि भात एकत्र शिजवलेला, सोबत कॉलर्ड ग्रीन्सची पालेभाजी. मला आधी वाटायचं ही इथली गोऱ्या लोकांची जुनी डिश असेल, पण आजींनी सांगितलं की त्यांचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले, त्यातले कितीतरी सेनेगॅम्बिया, सिएरा लिओनकडच्या भातशेतीच्या भागातले, आणि इथली भातशेती त्यांच्याच कष्टावर आणि माहितीवर उभी राहिली. चवळी तर मूळची आफ्रिकेचीच! घानात 'वाचे' (waakye) नावाचा असाच चवळीभात खातात, जमैकात राजमा किंवा तुरीचे दाणे घालून नारळाच्या दुधात करतात. हे ऐकल्यापासून तो भात मला नुसता खाववत नाही, शिकायचाच आहे.

आता अडचण अशी की सासूबाई येतायत, त्या शाकाहारी, आणि मूळ पदार्थात धुरावलेलं डुकराचं मांस असतं, सगळी चव त्याचीच. मी स्मोक्ड पेपरिका घालून पाहिला, बरा झाला पण तो खोल धुरकट वास नाही आला. कोळशाची धुनी दिली तर चालेल का, की तुपाने चवच बदलेल? आणि चवळी आधी किती शिजवू? दोनदा भाताचा गिचका झालाय. कुणी केला असेल तर प्लीज प्रमाणासकट सांगा ना.