एल्गार, होल्स्ट ऐकून झाले. कमी परिचित ब्रिटिश संगीतकारांची सुरुवात कुठून करावी?

स्वरलेख:
एल्गारचा चेलो कॉन्चेर्टो, होल्स्टचे ‘प्लॅनेट्स’, व्हॉन विल्यम्सच्या बहुतेक सिंफनी आणि थोडा बेंजामिन ब्रिटन एवढं नीट ऐकलं आहे. विसाव्या शतकातल्या इतर ब्रिटिश संगीतकारांची नावं बरीच सापडतात, पण पंधरा नावं आणि प्रत्येकाच्या दहा कृती म्हटल्यावर हात कुठे घालावा कळत नाही. एकाच कृतीची तीन-तीन रेकॉर्डिंग्ज असतात, त्यातलं आधी कोणतं घ्यावं? आणि ॲपवर नाव टाकलं की भलतंच समोर येतं, त्यावर काही उपाय? हिंदुस्थानी संगीताची सवय असलेल्या कानाला जवळचं काही असेल तर तेही सांगा.

तारसप्तक:
नावांची यादी बाजूला ठेवा आणि लेबल, म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी, धरा. मोठ्या कंपन्यांनी या संगीताला फारसा हात लावला नाही. ते आज ऐकायला मिळतं ते काही मोजक्या माणसांनी जिद्दीने रेकॉर्ड केलं म्हणून. रिचर्ड इटर यांनी १९५९ मध्ये लिरिटा सुरू केलं. आधीच्या मोनो तबकड्यांवर त्यांच्या घरातल्या संगीतखोलीत वाजवलेला पियानो आहे. पुढे डेक्का या मोठ्या कंपनीचे इंजिनिअर बोलावून त्यांनी पूर्ण ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड करायला घेतला. लिरिटानंतर शँडॉस आणि हायपेरियन बघा. कंडक्टरमध्ये व्हर्नन हँडली हे एकच नाव धरलंत तरी वर्षभर पुरेल. रॉबर्ट सिम्सनच्या अकरापैकी पहिल्या दहा सिंफनी त्यांनी हायपेरियनसाठी रेकॉर्ड केल्या आहेत.

पहिली कृती म्हणून अर्नेस्ट मोरॅनची जी मायनर सिंफनी सुचवेन. १९३७ मध्ये पुरी झाली, चार भाग, साधारण पाऊण तास. आधी हँडली आणि अल्स्टर ऑर्केस्ट्रा (शँडॉस), मग एड्रियन बोल्ट (लिरिटा), आणि तिसऱ्या खेपेला लेस्ली हेवर्ड आणि हाले ऑर्केस्ट्राचं १९४२ चं रेकॉर्डिंग. हा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. हेवर्डचं वादन अस्सल आहे, त्या वेळी खुद्द मोरॅन हजर होते. पण ते मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवरचं आहे, दर चार-साडेचार मिनिटांनी बाजू बदलायची. डिजिटल प्रतीत हे सांधे जुळवलेले असले तरी खरखर राहते. दुसरा भाग चेलो आणि डबल बास यांच्या खालच्या स्वरांत सुरू होतो, आणि जुन्या रेकॉर्डिंगमध्ये नेमकं तेच धूसर होतं. तिथून सुरुवात केलीत तर हा भाग नुसताच संथ वाटेल. आधी दोनदा नव्यात ऐकलात, की हेवर्डमध्ये न ऐकू येणारा स्वरही मन भरून घेतं.

जाता जाता: लंडनच्या किंग्जवे हॉलमधल्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये हळू जागी खालून बारीक घरघर आली तर हेडफोन बदलू नका. त्या इमारतीखालून भुयारी रेल्वे जायची. बास वाढवणारी सेटिंग्ज बंद ठेवा, म्हणजे ती घरघर डोकं वर काढणार नाही.

मेळकर्ता:
शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर एकच, जॉन फौल्ड्स (१८८०–१९३९). मँचेस्टरचे चेलोवादक. १९३५ मध्ये भारतात आले, दिल्लीला ऑल इंडिया रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले, देशी वाद्यांचा वृंद बसवला आणि १९३९ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याला कॉलऱ्याने गेले. रेडिओवर हार्मोनियम नको, असं मांडणारा त्यांचा लेख १९३८ मध्ये ‘इंडियन लिसनर’मध्ये आला होता. १९४० मध्ये रेडिओवर पेटीला बंदी आली, त्या वादात हे नाव आपल्याकडे यायला हवं होतं.

‘थ्री मंत्राज’पासून सुरुवात करा. सोडून दिलेल्या ‘अवतार’ या संस्कृत ऑपेराच्या तीन अंकांचे हे पूर्वरंग. कर्म, आनंद आणि इच्छाशक्ती असा क्रम. तिन्ही मिळून साधारण पंचवीस मिनिटं. मधल्या भागात स्त्रियांचा शब्दांवाचूनचा कोरस आहे. साकारी ओरामो आणि बर्मिंगहॅमचा सिटी सिंफनी ऑर्केस्ट्रा यांचं २००४ चं रेकॉर्डिंग आधी, मग लिरिटावरचं बॅरी वर्ड्‌स्वर्थचं.

आपला कान इथे एक चूक हमखास करतो. तिसरा मंत्र दाक्षिणात्य पद्धतीच्या एका सात सुरांच्या मेळात बांधला आहे, म्हणून आपण राग शोधायला लागतो: वादी कुठे, न्यास कुठे, आरोहात काय वर्ज्य. ते सापडत नाही आणि माणूस वैतागतो. फौल्ड्सने मेळ घेतला आहे, चलन घेतलेलं नाही. रागाऐवजी थाट समजून ऐका: बाहेरचा एकही सूर न घेता हा माणूस केवढा मोठा आवाज उभा करतो, तिकडे लक्ष द्या. हेच तत्त्व छोट्या आकारात समजून घ्यायचं तर त्यांचे पियानोचे ‘एसेज इन द मोड्स’ ऐका, कॅथरिन स्टॉटने वाजवले आहेत. पेटीवर तेवढे सात सूर आधी वाजवून घेतलेत तर पकड लगेच येते.

खुणेचा_दगड:
ॲपबद्दल. नुसतं आडनाव टाकू नका. संगीतकार, कृती आणि कंडक्टर अशी तिन्ही नावं टाका. विल्यम वर्ड्‌स्वर्थ (१९०८–१९८८) शोधलात की त्याच नावाच्या कवीच्या कविता वाचणारे आवाज येतात; ‘टोकाटा’ हे लेबल आणि कंडक्टर जॉन गिबन्स जोडलंत की त्यांच्या सिंफनी सापडतात. विल्यम ऑल्विन संगीतकार, केनेथ ऑल्विन कंडक्टर. बर्कली दोन: लेनॉक्स वडील, मायकेल मुलगा.

वर्षही फसवतं. लिरिटाच्या सत्तरच्या दशकातल्या कितीतरी तबकड्या सीडीवर २००६-०७ नंतर आल्या, म्हणून ॲप २००७ दाखवतं. वर्तुळातल्या ‘पी’समोरचं साल रेकॉर्डिंगच्या प्रकाशनाचं, ‘सी’समोरचं वेष्टन-मजकुराचं. तरीही शंका राहिली तर पुस्तिकेत रेकॉर्डिंगची तारीख आणि जागा बघा. हायपेरियनच्या साइटवर पुस्तिका फुकट उतरवता येतात.

क्रॉसफेड बंद करा. नाहीतर एका भागाचा विरत जाणारा शेवट पुढच्याच्या सुरुवातीत मिसळतो. आवाज सारखा करणारी सोयही बंद.

स्वरलेख:
धन्यवाद, मोरॅन आणि फौल्ड्स यांपासूनच सुरू करतो. सोराबजी हे नाव मुंबईचं वाटलं म्हणून विचारतो, ते कसे? आणि या पिढीतल्या स्त्री संगीतकार?

मेळकर्ता:
कैखुश्रू सोराबजी (१८९२–१९८८) यांचे वडील मुंबईचे पारशी इंजिनिअर, पण जन्म आणि आयुष्य इंग्लंडमध्येच. स्वतःला ब्रिटिश म्हणवून घेणं त्यांना आवडत नसे, हे लक्षात ठेवून या यादीत घ्या. चाळीसएक वर्षं त्यांनी आपल्या कृतींचे जाहीर कार्यक्रम होऊ दिले नाहीत. १९७६ नंतर परवानगी मिळू लागली, त्यामुळे रेकॉर्डिंग्जही बहुतेक त्यानंतरची. ‘ओपस क्लाविचेंबालिस्टिकुम’ (१९३०) हातात घेऊ नका. जॉन ऑग्डनचं वादन चार तासांहून जास्त आहे आणि पहिल्या फ्यूगमध्येच (एकच धून अनेक आवाजांत एकामागून एक येते तो प्रकार) वाट चुकते. फ्रेड्रिक उलेनने वाजवलेल्या शंभर एट्यूडमधल्या (पियानोच्या छोट्या अभ्यासकृती) दोन-चार मिनिटांच्या घ्या, एका बैठकीत तीनच. मग अर्ध्या तासाचं ‘गुलिस्तान’.

तारसप्तक:
रूथ गिप्स आणि ग्रेस विल्यम्स. गिप्सची दुसरी सिंफनी (१९४५) एकसंध आहे, रूमोन गांबाच्या शँडॉसवरच्या २०१८ च्या रेकॉर्डिंगमध्ये चौथीसोबत मिळते. विल्यम्सची ‘सी स्केचेस’ (१९४४) फक्त तंतुवाद्यांची, पाच छोटे भाग. डेव्हिड ॲथर्टनचं घ्या, आणि शेवटचा, उन्हाळ्यातल्या शांत समुद्राचा भाग घरातला पंखा बंद करून ऐका, इतका हळू आहे.