मदत हवी आहे: एएफएममध्ये (बारीक टोकाने पृष्ठभाग चाचपणारा सूक्ष्मदर्शक) डीएनए दिसतच नाहीये!

अडकलेली_सुई
मायकावर (अभ्रकाच्या सपाट तुकड्यावर) डीएनएचा थेंब टाकला, थोडा वेळ ठेवला, धुतला, वाळवला, स्कॅन केला. काही नाही. सपाट मैदान आणि मधूनमधून पांढरे ठिपके. टिप (चाचपणारं टोक) बदलून झाली, मायकाचा नवा तुकडा घेऊन झाला. गाईड म्हणाले कॉन्सन्ट्रेशन वाढव. वाढवलं, तर ठिपके वाढले. मशीन परवापर्यंतच माझ्याकडे आहे, त्यामुळे प्लीज लवकर सांगा. प्रोटोकॉल बरोबर आहे, आमच्या सीनियरचा आहे.

शंकासुर
हवेत की द्रवात? टॅपिंग (टिप टकटक करत) की कॉन्टॅक्ट (टेकवून घासत)? डीएनए केवढा, कशात विरघळवलाय? स्कॅन किती मायक्रॉनचा? "काही नाही" यावरून काय सांगणार?

अडकलेली_सुई
हवेत, टॅपिंग. प्लाझ्मिड (गोल डीएनए) आहे, ३००० बेसपेअरचा. स्कॅन १० मायक्रॉन. बफर नेहमीचाच.

टोकदार
टिप गेलेली आहे, लिहून ठेवा. नवी म्हणून डबीतून काढलेलीही खराब निघते. सगळे ठिपके एकाच आकाराचे दिसतायत का? सॉफ्टवेअरमध्ये स्कॅन अँगल ९० अंश करा, लगेच कळेल.

शंकासुर
नाही कळणार. स्कॅन अँगल बदलला तरी टिप आणि नमुना एकमेकांसापेक्ष होते तसेच राहतात, चित्र मात्र सगळंच्या सगळं फिरतं. नमुना उचलून हाताने फिरवून ठेवायचा. तरीही आकारांची दिशा तीच राहिली तर दोष टिपचा.

टोकदार
स्कॅन अँगलने फीडबॅकचे (टिपची उंची सांभाळणाऱ्या यंत्रणेचे) दोष कळतात, मी त्याबद्दल बोलत होतो.

शंकासुर
तुम्ही टिपबद्दल बोलत होतात. वर लिहिलेलं आहे.

द्रवरूप
मुळात हवेत करताच कशाला? वाळवलेला डीएनए बघण्यात काय अर्थ आहे? द्रवात करा, मऊ कॅन्टिलिव्हर (टिप धरणारी पट्टी) घ्या, निकेल घाला.

इतिहासप्रेमी
छान धागा. १९८६ साली बिनिग, क्वेट आणि गर्बर यांनी पहिला एएफएम बनवला तेव्हा कॅन्टिलिव्हर म्हणजे सोन्याची पातळ पट्टी होती आणि टोकाला हिऱ्याचा कण. पट्टी किती वाकली हे मोजायला वर चक्क एसटीएम (विद्युतप्रवाहाने पृष्ठभाग वाचणारा आधीचा सूक्ष्मदर्शक) बसवला होता! त्याच वर्षी बिनिग आणि रोरर यांना एसटीएमसाठी नोबेल मिळालं.

अडकलेली_सुई
इतिहास नंतर वाचते. माझे ठिपके??

अभ्रक
"नेहमीचाच बफर" म्हणजे कोणता?

अडकलेली_सुई
टीई (ट्रिस आणि ईडीटीए). त्याचा काय संबंध?

अभ्रक
सगळा संबंध तोच. ताज्या सोललेल्या मायकाचा पृष्ठभाग ऋणभारित, डीएनएचा कणाही ऋणभारित. मध्ये मॅग्नेशियमसारखा दोन धनभारांचा आयन नसेल तर डीएनए धरून राहणार कशाला? धुताना वाहून जातो. टीईत मॅग्नेशियम नसतं, आणि थोडं घातलंत तरी त्यातला ईडीटीए ते पकडून ठेवतो. ठिपके बहुधा बफरचे क्षार आहेत. सीनियरचा मायका साधाच होता का, की एपीटीईएस हे रसायन लावलेला? त्यावर धनभारित अमिनो गट असतात, मग मॅग्नेशियम लागत नाही.

अडकलेली_सुई
फाइलमध्ये "एपी-मायका" असं लिहिलंय. ते हेच का? मग सरळ नीट लिहायला काय जात होतं त्या माणसाला!

अभ्रक
तेच. आता एपीटीईएसच्या नादी लागू नका, वेळ नाही. १० मिलिमोलर हेपीस बफर आणि ५ ते १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, त्यात डीएनए साधारण १ नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटर. मूळ साठा टीईत असला तरी शंभरपट पातळ केल्यावर ईडीटीए नगण्य होतो. काही मिनिटं ठेवा, अतिशुद्ध पाण्याने हलकेच धुवा, नायट्रोजनने वाळवा. द्रवात बघायचं असेल तर निकेल ठीक, पण फॉस्फेट बफरमध्ये घालू नका, साका बसेल. आणि स्कॅन २ मायक्रॉनवर आणा. १० मायक्रॉनला ५१२ पिक्सेल म्हणजे एक पिक्सेल जवळपास २० नॅनोमीटरचा. त्यात डीएनए असला तरी हरवेल.

ग्राफीनवाला
अवांतर: माझ्या एकपदरी ग्राफीनची उंची सिलिकॉनवर १ नॅनोमीटर येते, ०.३४ यायला हवी ना?

टोकदार
खाली पाण्याचा थर अडकला असेल. वेगळा धागा काढा. सुईताई, टिप बदलाच.

अडकलेली_सुई
दिसला!!! वेटोळी, पीळ, सगळं. अभ्रक, खूप आभार. टिप जुनीच आहे, टोकदार. :) पण उंची ०.७ नॅनोमीटर आणि रुंदी १३ येतेय. डीएनए २ नॅनोमीटरचा ना? कॅलिब्रेशन गंडलंय का?

द्रवरूप
वाळवल्यावर असंच होणार, म्हणून म्हटलं होतं.

शंकासुर
द्रवात केलं तरी रुंदी फुगतेच, ती टिपच्या जाडीमुळे. टिपची त्रिज्या १० नॅनोमीटर आणि डीएनएची १ धरली तर रुंदी येते १० गुणिले १ च्या वर्गमूळाच्या चौपट, म्हणजे १२.६. तुमचे १३ बरोबर आहेत.

अभ्रक
उंचीही हवेत नेहमी कमीच येते, टिपचा दाब आणि आजूबाजूचा क्षाराचा थर यामुळे. कॅलिब्रेशनला हात लावू नका. लांबी मोजा, उलगडलेल्या वेटोळ्याचा घेर १ मायक्रॉनच्या आसपास यायला हवा (३००० गुणिले ०.३४ नॅनोमीटर). आणि फ्लॅटन करताना (सॉफ्टवेअरने चित्राची पार्श्वभूमी सपाट करताना) डीएनएचे धागे मास्क करा, म्हणजे हिशेबातून वगळा, नाहीतर दोन्ही बाजूंना काळ्या सावल्या पडतील आणि उंची आणखी चुकेल.