सध्या वाचतोय: 'माझा प्रवास'

जाड कादंबऱ्या अर्ध्यावर सुटतात म्हणून आटोपशीर काहीतरी सुचवा, असं एका वाचकाने विचारलंय. माझ्याकडे सध्या विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास' आहे. कोकणातल्या वरसईचा हा भिक्षुक घरावरचं कर्ज फेडायला, दक्षिणा मिळेल या आशेने काकांबरोबर उत्तरेत निघतो आणि १८५७च्या धामधुमीत सापडतो. आपण शाळेत जो इतिहास सनावळीसकट पाठ केला, तो इथे जीव मुठीत धरून पळणाऱ्या माणसाच्या नजरेतून दिसतो. झाशी पडल्यावरचा भाग मी दोनदा वाचला. सोनंनाणं संपल्यावर लुटीची पाळी भांड्यांवर आणि धान्यावर येते, आणि गोडसे ते कसलाही आव न आणता सांगून टाकतात. राणीबद्दल आदर आहे, पण स्वतःच्या भीतीबद्दलही लपवाछपवी नाही. मला तर तेच जास्त आवडलं.

एक मात्र बघून घ्या. १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी ते छापलं तेव्हा मजकुरावर बराच हात फिरवला होता. मूळ हस्तलिखितावरची, दत्तो वामन पोतदारांनी संपादित केलेली आवृत्ती १९६६ची. भाषा सुरुवातीला अडते, दहा-बारा पानांत कान सरावतो. शक्यतो तीच घ्या.

लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचलं नसेल तर (असे लोक भेटतात अजून!) ते याच्यानंतर लगेच. लक्ष्मीबाईंइतकं स्वतःवर हसणं फार थोड्यांना जमलंय.