अनुभव धागा: घरची भाषा बोलती करणारे खेळ

मुलाला घरची भाषा सगळी कळते, पण उत्तर शाळेच्या भाषेत येतं. हे आपल्याच घरी होतं असं वाटत असेल, तर तसं नाही. भाषाअभ्यासक अनिक द हाउअर यांनी बेल्जियमच्या डच भाषक भागातल्या १,८९९ कुटुंबांची पाहणी २००७ मध्ये मांडली. आई-वडिलांपैकी निदान एकजण वेगळी भाषा बोलत असूनही जवळपास पाव घरांत मुलं ती बोलत नव्हती. नुसतं कानावर पडणं पुरत नाही, बोलायची गरज पडावी लागते. ती खेळात आपसूक पडते. तुमच्याकडे काय चाललं, ते लिहा.

आई, मुलगा सहा वर्षांचा
दोघांकडे सारखे ठोकळे, मध्ये आडोशाला उभं पुस्तक. एकाने रचत सांगायचं, दुसऱ्याने न बघता तसंच रचायचं. सांगणारा मुलगाच हवा! मी सांगते तेव्हा तो मुकाट रचतो आणि खेळ संपतो. तो सांगायला बसला की मात्र, "निळा वर ठेव. वर नाही गं, मागे! आडवा!" बोट दाखवायची सोय नसल्यामुळे 'हे', 'तिकडे' यावर भागत नाही. अडला तर मी विचारते, "लाल उभा की आडवा?" दोन्ही शब्द कानावर पडतात, हवा तो उचलून तो पुढे जातो.

बाबा, दोन मुली
धाकटीसाठी हातात घालायची बाहुली. तिला फक्त घरचीच भाषा येते, आणि धाकटीला ते मनापासून पटलंय. मोठीला हे बाळबोध वाटतं. तिच्याशी वीस प्रश्नांचा खेळ: मी वस्तू मनात धरतो, ती प्रश्न विचारून ओळखते. उलट खेळलो तर ती 'हो-नाही'वर सुटते.

आजी
व्हिडिओ कॉलवर नातू सांगतो तसा राक्षस मी कागदावर काढते. त्याची शाळेची भाषा मला खरंच येत नाही, त्यामुळे त्याला पळवाट नाही. "आजी, डोळा मोठी काढ" म्हणाला, तर "बरं, मोठा डोळा काढते" म्हणायचं आणि पेन्सिल चालू ठेवायची. थांबवून दुरुस्ती करू नये, त्याचा राक्षस अर्धवट राहतो.

मावशी
दुसऱ्या भाषेतला शब्द आला की गुण कापायचे, हा नियम भाचीकडे पाहिला. पोरगी गप्पच खेळायला लागली. दंड नकोच.

आई, मुलगा तेरा वर्षांचा
वरचं सगळं लहानांचं झालं. माझ्याकडचा मुलगा संगणकावरच्या खेळात रमतो. मी शेजारी बसून "मला शिकव" म्हटलं, की तेवढा वेळ तो आमच्या भाषेत समजावतो, कधी वैतागून, पण बोलतो. मोठ्या मुलांसाठी आणखी कुणी काय केलंय?