शब्दचर्चा : टिनोपालला मराठीत काय म्हणावं?

दर्यापूरकर :
शाळेच्या विज्ञान मंडळासाठी एक पत्रक मराठीत करतोय. कपडा किंवा कागद जास्त पांढरा दाखवणारं जे रसायन असतं, ऑप्टिकल ब्रायटनर, त्याला एके ठिकाणी 'प्रकाशीय विरंजक' केलेलं दिसलं. कानाला खटकलं. आमच्या घरी सरळ 'टिनोपाल' म्हणतात, पुडी कोणाचीही असो. पत्रकात काय लिहू?

पुसदकर :
विरंजक नका लिहू. विरंजन म्हणजे रंग घालवणं. कापसात मुळातच पिवळट झाक असते आणि ब्लीचिंग पावडर तो रंग मोडते. टिनोपाल काहीच घालवत नाही. मळकं धोतर टिनोपालात बुचकळलं तर मळ तिथंच राहतो.

वरुडकर :
मग ती नीळच झाली ना? आमची आजी दोन्हीला 'नीळ देणं'च म्हणे.

पुसदकर :
नाही जी, फरक आहे. नीळ हा रंग. पिवळ्यावर निळी झाक बसली की पिवळेपणा दबतो, पण कपड्यावरून परत येणारा उजेड थोडा कमीच होतो. म्हणून तर नीळ जास्त झाली की सदरा राखाडी दिसतो. टिनोपाल डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषतं, साधारण ३४० ते ३७० नॅनोमीटर तरंगलांबीचे, आणि त्यातली ऊर्जा ४२० ते ४७० च्या आसपास निळा उजेड म्हणून बाहेर टाकतं. पिवळेपणा झाकला जातो आणि दिसणारा उजेड वाढतो, दोन्ही एकदम. खोटं वाटत असेल तर दुकानात नोटा तपासायचा अतिनील दिवा असतो, त्याखाली सदऱ्याची बाही धरा. बाही निळी पेटल्यासारखी दिसेल आणि बाजूची नोट काळपट राहील, तिचे नंबर आणि बारीक तंतू तेवढे चमकतील. नोटेच्या कागदात मुद्दामच हे घालत नाहीत.

वरुडकर :
म्हणूनच का हो, लग्नात उन्हात झगमगणारा कुर्ता घरातल्या एलईडीखाली विझल्यासारखा दिसते?

पुसदकर :
हो. बहुतेक एलईडीत अतिनील जवळजवळ नसतंच. पेटवायला काही मिळालं नाही तर काय पेटणार!

बल्लारपूरकर :
कागदाच्या धंद्यात याला कोणी टिनोपाल म्हणत नाही, 'ओबीए' म्हणतात, म्हणजे ऑप्टिकल ब्रायटनिंग एजंट. लगद्यात टाकतात, नाहीतर कागदावर स्टार्च चढवताना त्यातून देतात. बहुतेक माल स्टिल्बीन नावाच्या रसायनाच्या जातीचा. शाळेच्या वहीचं पान आणि वर्तमानपत्राचं पान उन्हात शेजारी धरा, वही निळसर दिसते. धुण्याच्या पावडरीत, पॉलिएस्टरच्या धाग्यात, प्लॅस्टिकच्या दाण्यातही हेच असतं. फक्त मात्रा सांभाळावी लागते. जास्त झालं की पांढऱ्याऐवजी हिरवट झाक येते आणि चमकही कमी होते.

अकोटकर :
औषधी कापसात मात्र हे चालत नाही. ब्रिटिश फार्माकोपियातली, म्हणजे औषधांचा दर्जा ठरवणाऱ्या ब्रिटिश ग्रंथातली, चाचणी अशी की अतिनील दिव्याखाली कापूस फिका तपकिरी-जांभळा दिसावा. लख्ख निळे तंतू चुकून एखाद-दुसरे असले तर ठीक. म्हणजे तिथं पांढरेपणाची भर हा दोषच ठरतो.

दर्यापूरकर :
हे पत्रकात घेतो. आणि शब्द?

पुसदकर :
'शुभ्रक' म्हटलं तर विरंजकही त्यात येतो. मला 'उजळक' बरा वाटतो, कारण हे उजेडाची भर घालतं.

वरुडकर :
उजळक म्हटलं की गोरं व्हायची क्रीम आठवते, राजेहो.

बल्लारपूरकर :
पत्रकात 'प्रकाशीय उजळक' एकदा लिहा आणि पुढं टिनोपालच चालू द्या. मूळचं ते स्वित्झर्लंडच्या गायगी कंपनीचं ब्रँडचं नाव, पण आता मराठीच झालं. त्याच्याही आधी, १९२९ मध्ये, पॉल क्राइस या जर्मन रसायनतज्ज्ञानं हॉर्स चेस्टनट झाडातलं एस्क्युलिन हे द्रव्य लिननवर, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या कापडावर, लावून पाहिलं होतं. ते उजेडात टिकत नसे. हल्लीचेही उन्हानं हळूहळू मोडतात, पांढरे कपडे सावलीत वाळवा म्हणतात ते उगाच नाही.

वरुडकर :
क्रियापद राहिलंच. आमच्याकडे कपडे 'टिनोपालातून काढतात', 'निळीतून काढतात' तसंच. वरठ्याच्या, म्हणजे धोब्याच्या, तोंडी मात्र 'टिनोपाल मारणं'.

दर्यापूरकर :
दोन्ही घेतो. शेवटचं एक, तो टिनोपाल की ते टिनोपाल?

अकोटकर :
आमच्या घरी 'टिनोपाल संपली'. पुडी आहे ना ती.